आधीचे आजार : निरंक

मुलीचा फोन आला तेव्हा मी भोपाळच्या बिट्टन मार्केटमधून आणलेली मेथी निवडत बसले होते. ती बंगळुरूला असते, नोकरी करते, आणि तिला तिसरा महिना आहे. पहिल्याच तपासणीत डॉक्टरने तिला विचारलं होतं, आईला गरोदरपणात बीपीचा त्रास झाला होता का?

"आई, ते कार्ड अजून दारामागेच आहे ना? सगळ्यात जुन्या कार्डाच्या पहिल्या ओळीचा फोटो पाठव."

"फोटो कशाला? मला पाठ आहे ती ओळ. सांगते, लिहून घे."

"नको. तू सांगायला लागलीस की आजीच्या लोणच्यापर्यंत जातेस. बाबांचं अक्षर पाठव."

मी हात धुतले आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. दारामागच्या खिळ्याला चार कार्डं एकावर एक अडकवलेली आहेत. सगळ्यात खालचं पिवळं पडलंय, त्याच्या एका कोपऱ्यावर तेलाचा डाग आहे. फोटो काढला, पाठवला. फोटो वाकडा तर आला नाही ना, हे बाल्कनीतून तीनदा विचारण्यात आलं. विचारणारे म्हणजे माझे यजमान. मी त्यांना 'अहो' म्हणते आणि चिडले की 'फोरमनसाहेब'.

मी चिडते, हे आधीच सांगून टाकते. मी नागपूरची. आमच्याकडे राग पोटात ठेवून कुणी झोपत नाही. ह्यांचं घर साताऱ्याचं, तिथे सगळं मोजून मापून बोलायचं. लग्न होऊन मी भोपाळला आले ती थेट सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये. एकसारखी क्वार्टर्स, दारापुढे दोन पपया, कोपऱ्यावर दवाखाना, आणि सगळ्यांचा दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चालणारा. हे मेंटेनन्समध्ये होते. घरी आल्यावर माणसांबद्दल एक वाक्य बोलत नसत, पण मशीनबद्दल विचारलं की चहा गार होईपर्यंत थांबत नसत.

त्यांच्याकडूनच मला हिस्ट्री कार्डाची ओळख झाली. कारखान्यातल्या प्रत्येक मशीनच्या अंगाला एक कार्ड लटकवलेलं असे. मशीन कधी बसवलं, कधी काय बिघडलं, कुणी काय दुरुस्त केलं, पुढची तपासणी कधी. मशीन नवीन आलं की आधी त्याला भरपूर ताण देऊन चालवून बघत, आणि त्या चाचणीत एखादं बेअरिंग गरम झालं तर ते लाल शाईने लिहून ठेवत. मी एकदा म्हटलं, "थंड झालं ना परत? मग लिहायचं कशाला?" त्यावर हे म्हणाले, "थंड झालं म्हणूनच लिहायचं. नाहीतर उद्या कुणाला आठवणार?" मला ते तेव्हा नुसतं हौशीचं वाटलं होतं.

माझी चाचणी सव्विसाव्या वर्षी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, पण माझी आई त्याच्या चार वर्षं आधीच गेली होती. नागपूरच्या घरी पुरणाचा स्वयंपाक चालू असताना छातीत कळ आली म्हणाली, भिंतीला टेकून बसली, आणि उठली नाही. अठ्ठेचाळीस वर्षांची होती. लोक म्हणाले, धडधाकट बाई अचानक गेली. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होते. त्यामुळे बाळंतपणासाठी सासूबाई साताऱ्याहून भोपाळला आल्या, डिंक, अळीव आणि लोणच्याच्या दोन बरण्या घेऊन.

सातवा संपता संपता माझी पावलं इतकी सुजली की ह्यांच्या चपला घालून मी दवाखान्यात जायला लागले. मग डोकं दुखायला लागलं, तेही साधं दुखणं नव्हतं. एका सकाळी गहू निवडताना सुपात काजवे दिसायला लागले. दवाखान्यातल्या सिस्टरने दंडाला पट्टा बांधला, पारा वर चढवला, आणि थेट ॲम्ब्युलन्स बोलावली. पुढचे आठ दिवस मला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पडदे लावलेल्या खोलीत ठेवलं होतं. आठव्या महिन्यातच मुलगी झाली. दोन किलोही नव्हती. मी तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला फार भीती वाटली, आणि त्या भीतीत मी माझ्याबद्दल विचार करायचं विसरूनच गेले.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं: बीपी उतरलंय, पण डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच या. नाहीतर महिन्याने येऊन दाखवा, आणि मग दर वर्षी मोजत राहा. कागदावर लिहूनही दिलं होतं. पण बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, हा सासूबाईंचा नियम होता. महिना झाला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता थोडे दिवस राहिलेत, पुरे होऊ देत." सव्वा महिना पुरा झाला तेव्हा बारसं आलं. बारसं झालं तेव्हा मुलीला सर्दी झाली. आणि मग मला बरंच वाटत होतं, तर कशाला जायचं? तो कागद मी मुलीच्या बाळलेण्यांच्या डब्यात ठेवून दिला.

आता खरी चूक सांगते. टाउनशिपमध्ये प्रत्येक कुटुंबाला एक मेडिकल बुक मिळे. त्यात घरच्यांचे फोटो, आणि दर वेळी डॉक्टर काय लिहीत ते सगळं. जुनं बुक भरलं की नवीन मिळे, आणि त्याचं पहिलं पान आपणच भरायचं असे. मुलगी तीन वर्षांची असताना आमचं बुक भरलं. एका रविवारी सकाळी हे बाहेरच्या खोलीत नवीन बुक घेऊन बसले. मी आत पोहे परतत होते.

"अगं, पत्नीचे आधीचे आजार. काय लिहू?"

"मला कसले आजार? लिहा निरंक."

"ते बीपी?"

"ते बाळंतपणातलं. बाळंतपण काय आजार असतो का?"

ह्यांनी अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलं, निरंक. आणि खाली दुहेरी रेघ मारली. मशीनचं कार्ड कधी कोरं न ठेवणारा माणूस. पुढे सात वर्षं त्या दवाखान्यात जो जो डॉक्टर बदलून आला त्याने ते पान वाचलं, आणि माझ्या सर्दीला गोळ्या दिल्या.

मी छत्तीस वर्षांची झाले तेव्हा डोकं दुखायला लागलं. मला वाटलं चष्मा लागला असेल, म्हणून चष्मा करून घेतला. मग वाटलं शिवणकाम जास्त होतंय, म्हणून मशीन बंद करून ठेवलं. पाण्याची बादली अंगणातून आणताना धाप लागायची, तर मी म्हणायचे की वजन वाढलंय. दवाखान्यात त्या वर्षी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या, इंदूरच्या. मुलीच्या खोकल्यासाठी गेले होते. मुलीला तपासून झाल्यावर त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आप भी बैठिए ज़रा." त्यांनी पट्टा बांधला. पारा बघितला. पाच मिनिटं बसवून परत बांधला, मग दुसऱ्या हाताला बांधला.

"कब से है बीपी?"

"मला नाहीये बीपी."

त्यांनी बुकाचं पहिलं पान उलटलं, 'निरंक' वाचलं, आणि मग आजवर कुणी विचारला नव्हता तो प्रश्न विचारला. बच्ची के टाइम सब ठीक था? मी सांगत गेले. पाय, काजवे, पडदे लावलेली खोली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ये तो सबसे पहले लिखना था. प्रेग्नन्सी में जिसका बीपी ऐसे चढ़ता है, उसके दिल पर आगे भी ख़तरा ज़्यादा रहता है. बीपी बाद में उतर जाए, तब भी. हर साल नापना होता है. आपकी माँ को था क्या?"

मी नाही म्हणणार होते, पण मावशीने सांगितलेलं आठवलं. माझ्या जन्माच्या वेळी आईच्या अंगावर सूज होती आणि तिला झटके आले होते. मावशी ते नेहमी माझं कौतुक म्हणून सांगायची, की बघ, आईला केवढा त्रास देऊन आलीस. मी ते डॉक्टरीणबाईंना सांगितलं आणि बोलता बोलताच मला समजलं की माझी आई अचानक गेली नव्हती. बावीस वर्षं ती जातच होती आणि कुणी मोजलं नव्हतं.

घरी येताना मी हिशेब केला. मी छत्तीस. आई अठ्ठेचाळीस. मुलगी दहा. मुलगी बावीस वर्षांची होईल तेव्हा मी आईच्या वयाला पोचेन, आणि मी बावीसचीच होते आई गेली तेव्हा. मला रस्त्यातच रडू यायला लागलं. मुलगी घाबरेल म्हणून मी रडण्याऐवजी चिडले, ते मला जास्त चांगलं जमतं.

संध्याकाळी भोंगा झाला, हे घरी आले, आणि मी मेडिकल बुक त्यांच्या पुढ्यात आपटलं. "फोरमनसाहेब, तुमच्या लेथ मशीनला गरम झाल्याची नोंद असते. माझी कुठंय?" आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच राहायला आल्या होत्या, त्या देवघरातून बाहेर आल्याच नाहीत. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते एवढंही म्हणाले नाहीत की 'निरंक' तूच सांगितलंस. आजतागायत म्हणालेले नाहीत. ते तसं म्हणाले असते तर मला भांडायला बरं पडलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रॉइंगचा जाड कागद आणला, पट्टी घेतली, आणि जमिनीवर बसून रकाने आखले. तारीख. लक्षण. कारण. काय केलं. पुढील तपासणी. शेरा. वरती मशीनच्या नावाच्या जागी लिहिलं 'सौ.' आणि बसवल्याच्या तारखेच्या जागी माझी जन्मतारीख. बाळलेण्यांच्या डब्यातला तो जुना कागद मी काढून दिला, आणि त्यावरून पहिली ओळ लाल शाईने लिहिली गेली: पहिलं गरोदरपण, आठवा महिना, रक्तदाब फार वाढला, बाळंतपण लवकर करावं लागलं. त्याखाली लिहिलं: आईलाही तसंच, आई अठ्ठेचाळीसाव्या वर्षी हृदयविकाराने गेली. मी ते वाचलं आणि म्हटलं, "आता कळलं माझी किंमत लेथ मशीनएवढी आहे." हे म्हणाले, "जास्त आहे. तुझे पार्ट मिळत नाहीत." एवढं प्रेमाचं बोलणं मी त्यांच्या तोंडून लग्नात नाव घेतानाही ऐकलं नव्हतं.

मग मेडिकल बुकाचं पहिलं पान दुरुस्त करायला मी दवाखान्याच्या खिडकीवर गेले. आतला बाबू म्हणाला, "बहनजी, ये पुरानी बीमारी का कॉलम है, डिलिव्हरी इसमें नहीं आती." मी म्हटलं, "आती है भैया. मेरी माँ इसी में गई है." रांगेतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांनी 'निरंक'वर आडवी रेघ मारली, शेजारी लिहिलं आणि सही केली. मी ते बुक पदराखाली न धरता हातात उघडं धरून घरी आले.

आता लढाई सुरू झाली ती ताटापासून. भोपाळात पोह्यांवर शेव पाहिजेच, आमच्या ह्यांना भाकरीबरोबर पापड पाहिजे, आणि सासूबाईंचं लोणचं तर वर्षातून दोनदा साताऱ्याहून यायचं. मी मीठ कमी केलं तेव्हा पहिले पंधरा दिवस घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. सासूबाई आमटी चाखून नुसत्या 'हं' म्हणायच्या. मिठाची वाटी ताटाशेजारून उठली ती परत कधी मांडली नाही. रोज सकाळी मी टाउनशिपच्या मोठ्या रस्त्याला दोन फेऱ्या मारायला लागले, साडी आणि कॅनव्हासचे बूट. शेजारणी म्हणायच्या, "भाभीजी, ट्रेन छूट रही है क्या?" मी म्हणायचे, हो. वर्षातून एकदा साखर आणि चरबीसाठी रक्त द्यायचं. गोळी रोज. कार्डावर दर रविवारी एक आकडा. दवाखान्यातल्या सिस्टरकडून मोजायला शिकून ह्यांनी घरात डायलचं बीपीचं मशीन आणलं, आणि खंडेनवमीला पाने, पक्कड, स्कूटर यांच्या रांगेत त्यालाही हळदकुंकू लागायला लागलं.

एकदा मात्र मी घसरले. सहा-सात महिने आकडे छान येत होते. म्हटलं, झाले की बरी, आणि कुणाला न सांगता गोळी बंद केली. तिसऱ्या रविवारी ह्यांनी मोजलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान्य केलं. ते रागावले नाहीत, त्यांनी विचारलं, "मशीन नीट चालतंय म्हणून आपण तेल घालायचं थांबतो का?" आणि कार्डावर खरं ते लिहिलं: 'गोळी स्वतःहून बंद केली.' मुलीच्या मैत्रिणी पाणी प्यायला आत यायच्या तेव्हा ते वाचायच्या. परत मी कधी गोळी सोडली नाही.

त्या संक्रांतीला हळदीकुंकू आमच्या घरी होतं. टाउनशिपमधल्या मराठी बायका, चाळीसेक जणी तरी. वाण म्हणून सगळीकडे स्टीलच्या वाट्या नाहीतर प्लॅस्टिकचे डबे चाललेले. मी ठरवलं की वाण कार्डाचं द्यायचं. ह्यांनी तीन रविवार खपून चाळीस कार्डं आखली, मुलीने भोकं पाडून त्यात दोरे ओवले. पहिली ओळ आधीच लिहिलेली: बाळंतपणात बीपी, सूज, झटके, साखर होती का? त्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरलाही बोलावलं, त्यांच्या मशीनसकट. बायका तिळगूळ हातात धरून एकमेकींकडे बघत राहिल्या. एक जण म्हणाली, "अय्या, सणाच्या दिवशी कसलं हे." वाटलं, उद्यापासून टाउनशिपभर माझं हसं.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. नऊवारीचा पदर सावरून सिस्टरसमोरच्या खुर्चीत बसल्या आणि दंड पुढे केला. "घ्या मोजून. आणि ऐका गं सगळ्या. हिला डॉक्टरने महिन्याने बोलावलं होतं. मी जाऊ दिलं नाही, सव्वा महिना म्हणत बसले. माझं चुकलं." दहा वर्षांत त्या मला हे कधी बोलल्या नव्हत्या, आणि बोलल्या त्या चाळीस जणींसमोर. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण हातात हळदीकुंकवाचं तबक होतं. त्यांच्यामागे रांग लागली. पहिल्या ओळीवर सात जणींनी 'हो' लिहिलं, त्यातल्या तिघींना त्या दिवशी बीपी निघालं आणि तिघींपैकी एकीलाही ते माहीत नव्हतं. 'अय्या' म्हणणारी त्या तिघींत होती. मार्चपासून ती माझ्याबरोबर फेऱ्या मारायला लागली आणि आजही शहराच्या टोकाच्या मिसरोदहून फोन करून आपला आकडा सांगते.

वर्षं गेली. कार्डं भरत गेली, एकावर एक अडकत गेली. डॉक्टरांनी मध्ये गोळी बदलली, एकदा वाढवली. हृदयाचा आलेख दर वेळी नॉर्मल आला. माझं अठ्ठेचाळीसावं वर्ष लागलं तशी मी मनात दिवस मोजायला लागले. आई नेमकी किती वर्षं, किती महिने, किती दिवस जगली ते मी काढून ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, मुलीला तर नाहीच, ती तेव्हा बावीसची होती आणि शेवटच्या परीक्षेला बसत होती. मी नेहमीसारखी चिडत होते, फेऱ्या मारत होते, आणि आतून पार घाबरलेली होते.

एका रविवारी कार्ड बघताना मला 'पुढील तपासणी'च्या रकान्यात पेन्सिलने लिहिलेली एक तारीख दिसली. दवाखान्याची नव्हती. मी माझ्या हिशेबाशी ताडून बघितलं. आईच्या आयुष्यात एक दिवस मिळवला तर येणारी तारीख होती ती. फोरमनसाहेबांनीही मोजून ठेवलं होतं, आणि तेही बोलले नव्हते. मी दाराआड उभी राहून थोडा वेळ रडले, मग कणीक भिजवली.

तो दिवस मंगळवारी आला. सकाळी दोन फेऱ्या मारून मी घरी आले, तिसरी मारायची ताकद होती म्हणून तीही मारून आले. मुलगी परीक्षा संपवून घरी आलेली, अंथरुणातच लोळत होती. मी पोहे भिजवून ठेवले. बाहेरच्या खोलीत ह्यांनी माझ्यासाठी पट्टा मांडून ठेवला होता, आधी पाच मिनिटं बसवलं, मग मोजलं, आणि मी आत जाऊन पोहे परतायला घेतले. आकडा छान होता. मग बाहेरून आवाज आला.

"अगं, शेऱ्यात काय लिहू?"

तीच वेळ, तोच प्रश्न, तीच कढई. या वेळी मी आतून ओरडले नाही. गॅस बंद केला, हात पुसले, बाहेर गेले आणि त्यांच्या हातातून पेन घेतलं. लाल शाईचं मागून घेतलं. आणि पेन्सिलच्या त्या तारखेसमोर माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: आज आईपेक्षा एका दिवसाने मोठी झाले.

ह्यांनी ते वाचलं आणि खाली दुहेरी रेघ मारली.